पंक्चर रबराचं, जोखीम जॅकची

पोरी, विजेची गाडी घेतलीस, चांगलं केलंस. आता तिचा टायर कधी ना कधी बसणार, हेही धरून चाल. पण मनातली धास्ती आधी काढून टाक. विजेच्या गाडीचं पंक्चर काढताना शॉक बसत नाही, आणि त्यासाठी कंपनीचा इंजिनिअरही बोलवावा लागत नाही. टायर तोच, रबर तेच, रुतलेला खिळाही तोच. नाक्यावरचा पंक्चरवाला हे काम डोळे मिटून करतो.

भानगड आहे ती टायरच्या आजूबाजूला. गाडी जड झाली, बॅटरी बुडाशी आली, इंजिनाचा आवाज गेला आणि बऱ्याच गाड्यांच्या डिकीतली स्टेपनीही गेली. हे सगळं पंक्चरवाल्याला ठाऊक असेलच असं नाही. त्याला रबर कळतं. गाडी तुला कळायला हवी. माझी उभी नोकरी एसटीच्या टायर सेक्शनमध्ये गेली. तिथले वस्ताद शिकवून गेले ते, आणि या नव्या गाड्यांचं मागाहून कळलं ते, दोन्ही एका गाठोड्यात बांधून देतो.

डिकी आजच उघडून बघ

स्टेपनी आहे का, हे रस्त्यात कळून उपयोग नाही. २०२० साली केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल केला. टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर दुरुस्तीचं किट दिलेलं असेल, तर स्टेपनी द्यायची सक्ती राहिली नाही. त्यामुळं अनेक गाड्यांत चाकाऐवजी एक छोटा पंप आणि पंक्चर बुजवायच्या औषधाची बाटली मिळते. काही गाड्यांत जॅकसुद्धा नसतो.

तेव्हा एका रविवारी सगळं सामान बाहेर काढ. बाटलीवरची मुदत वाच. गाडीच्या पुस्तकातलं जॅक कुठं लावायचा ते पान शोध आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेव. टॉर्च, हवा मोजायचा गेज, जुने हातमोजे आणि फूटभर लांबीची जाड फळी डिकीत टाक. चाकाच्या नटांना लॉक असेल तर त्याची किल्ली कुठं आहे ते बघून ठेव. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही.

पेट्रोल पंप सुटला, हवा सोडू नकोस

पेट्रोलची गाडी होती तेव्हा पंपावर जाणं व्हायचंच. टाकी भरली की सहज चार टायरांत हवा बघून घ्यायची सवय असायची. आता गाडी घरी चार्ज होते, पंपाचं तोंड महिनोन्‌महिने दिसत नाही, आणि टायर मात्र हळूहळू उतरत राहतो. विजेच्या गाडीचे टायर बिघडायचं हे एक मोठं कारण.

पंपावर हवा फुकट द्यायची असते. पेट्रोल घेतलं नाही म्हणून लाजू नकोस, हक्कानं माग. किती पाउंड भरायची, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. तोच आकडा खरा. टायरवर छापलेला असतो तो जास्तीत जास्त दाब, तो भरायचा नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना बघ. दूरवर पळून तापलेल्या टायरात चार-पाच पाउंड जास्त दिसतात. ते बघून हवा सोडलीस तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर चालेल. नायट्रोजनच पाहिजे असा हट्ट नको. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. वेळेवर बघणं महत्त्वाचं.

बसला की पाय झटकन उचलू नकोस

चालवताना गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा समोर पिवळा, उद्गारचिन्हाचा दिवा लागला, तर ब्रेकवर पाय मारायचा नाही, हे जुनं शिक्षण. विजेच्या गाडीत त्यात भर घाल: ॲक्सिलरेटरवरचा पायही एकदम काढायचा नाही. पाय उचलला की मोटर उलटी वीज तयार करायला लागते आणि गाडी ब्रेक लावल्यासारखी खेचली जाते. हवा गेलेल्या चाकावर तो झटका वाईट. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धर, पाय हळूहळू सोड आणि डावीकडं घे.

त्यानंतर “पुढच्या गावापर्यंत नेऊ” हा मोह टाळ. एवढ्या वजनाखाली बसका टायर थोड्या अंतरातच आतून चुरडला जातो. काढता आलं असतं ते पंक्चर मग नव्या टायरवर जातं. सपाट आणि सुरक्षित जागा मिळेपर्यंत, तेवढंच, तेही चालण्याच्या वेगानं.

द्रुतगती मार्गावर असशील तर चारही इंडिकेटर चालू कर, त्रिकोण मागं लांब ठेव आणि सगळ्यांना घेऊन कठड्यापलीकडं उभी राहा. वाहतुकीच्या बाजूचं चाक असेल तर स्वतः बदलायला जाऊच नकोस. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लाव. इतरत्र जीवावरचं वाटलं तर ११२ आहेच.

खिळा दिसला म्हणून उपटू नकोस

या गाडीचा एक फायदा सांगतो. इंजिनाचा आवाज नसल्यामुळं काचा खाली करून हळू चालवलंस तर रुतलेल्या खिळ्याची टिक-टिक ऐकू येते. ऐकू आली की उतरून बघ, पण खिळा काढू नकोस. ट्यूबलेस टायरात तो खिळाच बुचाचं काम करतो. हवा मोज, कमी असेल तर किटमधल्या पंपानं भर आणि खिळ्यासकट जवळचं दुकान गाठ.

आपल्याकडं साताऱ्या-सांगलीकडं ऊस सुरू झाला की बैलगाड्या रस्त्यावर येतात आणि बैलांच्या पत्र्यांचे खिळे डांबरावर पडतात. पावसाळ्यातही पंक्चर वाढतात, कारण ओलं रबर लवकर कापलं जातं. या दिवसांत रस्त्याच्या कडेचा कचऱ्याचा पट्टा टाळून चालव, आणि घरी आल्यावर टायरांवरून एक नजर फिरव.

जॅक लावताना माझं नाव आठव

बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस. या गाडीची बॅटरी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, पायाखालच्या अख्ख्या तळाला पसरलेली असते. पंक्चरवाल्याची सवय अशी की ट्रॉली जॅक ढकलायचा आणि खाली जे काही सपाट, मजबूत दिसेल तिथं टेकवून दांडा मारायचा. विजेच्या गाडीत सपाट आणि मजबूत दिसतं ते बॅटरीचंच झाकण असतं. त्यावर गाडीचं वजन आलं की झाकण दबतं. पंक्चरचे शे-दीडशे आणि बॅटरीचे लाखो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

मग जॅक लावायचा कुठं? दाराखालच्या पट्टीला, चाकाच्या जवळ, कंपनीनं खाच किंवा खूण दिलेली असते. गुडघ्यावर बस, बोट फिरवून ती खाच चाचप. सापडली की पंक्चरवाल्याला दाखव, फोटोही दाखव, आणि जॅकचं डोकं तिथंच बसल्याशिवाय दांडा मारू देऊ नकोस. डोक्यावर रबरी ठोकळा असला तर उत्तम. विजेची गाडी तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा दोन-तीनशे किलोनं सहज जड असते, म्हणून जॅक किती टनाचा आहे हेही विचार. मातीवर उभी असशील तर खाली ती फळी घाल.

जॅक लावायच्या आधी ही गाडी खरोखर बंद आहे ना, हे बघ. आवाजावरून कळत नाही. पी मध्ये टाक, हँडब्रेक लाव, बटण दाबून बंद कर, किल्ली खिशात ठेवून गाडीपासून थोडी लांब हो. गाडीत कुणी बसायचं नाही, मुलं तर नाहीतच. पलीकडच्या चाकाला पुढून-मागून दगड लाव. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल कर, मग गाडी उचल. जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत, मग ती विजेची असो नाहीतर बैलाची.

खालून नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या तर त्यांना हात नाही, पाना नाही. तो जास्त दाबाच्या विजेचा रंग. आणि कुणी जॅक चुकीच्या जागी लावून तळाला पोचा पाडलाच, तर “दिसत नाही काही” म्हणून चार्जिंगला लावू नकोस. आधी सर्व्हिस सेंटरला दाखव.

बाटलीतलं औषध म्हणजे प्रथमोपचार

औषध नक्षीवरच्या छोट्या भोकाला चालतं, साधारण सहा मिलिमीटरपर्यंत. टायरचा गाल फाटला असेल किंवा हवा गेलेला टायर तसाच ओढला असेल, तर बाटली वाया घालवू नकोस. पंप बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालतो. विजेच्या गाडीतही ती छोटी बॅटरी वेगळी असतेच, आणि नुसत्या तिच्यावर पंप चालवत बसलीस तर ती उतरेल. म्हणून पंप चालवताना गाडी चालू, पण पी मध्ये आणि हँडब्रेक ओढलेली. आणि त्या वेळी गाडी जॅकवर नको.

औषध भरल्यावर वेग ऐंशीच्या आत, तोही फक्त दुकानापर्यंत. तिथं पोचल्यावर “आत औषध आहे” हे पहिलं वाक्य. नाहीतर टायर खोलल्यावर तो चिकट रबडा त्याच्या कपड्यांवर उडतो आणि तो पुढच्या वेळी तुझी गाडी घेत नाही. आतून धुऊन घ्यायला सांग, आणि हवेच्या दाबाचा सेन्सर पुसून नीट चालतोय ना ते बघ.

पट्टी की मशरूम, हे तू ठरव

दुकानात काय होतं ते उभं राहून बघ. साबणाचं पाणी मारतात, बुडबुडे आले की खडूनं गोल करतात, पकडीनं खिळा ओढतात. मग टोच्यानं भोक घासून रुंद करतात आणि सोल्युशन लावलेली चिकट पट्टी सुईत ओवून आत ढकलतात. चाक न काढता पाच मिनिटांत काम होतं. गावात फिरायला, घरी पोचायला पट्टी ठीक.

पण तुला महामार्गावर शंभरच्या वेगानं जायचं असेल, त्यात या गाडीचं वजन आणि मोटरचा पहिला जोर, तर टायर खोलून आतून मशरूम लावून घे. त्याचा देठ भोकात बसतो आणि छत्री आतून चिकटते. चार पैसे जास्त लागतात, वेळही लागतो. द्यावेत.

खोलण्याचा दुसरा फायदा मोठा. टायर आतून बघता येतो. आत काळ्या रबराचा चुरा, पेन्सिल शार्पनरमधून पडतो तसला, जमलेला दिसला किंवा गालावर आतून गोल घासलेला पट्टा दिसला, तर तो टायर हवेविना चाललाय आणि त्याचे धागे तुटलेत. त्याचं पंक्चर काढू नकोस, टायर बदल. गालाचं किंवा कडेचं पंक्चर “करून देतो ताई” असं कुणी म्हणालं तरी नको म्हण. आधीच्या ठिगळाला लागून दुसरं ठिगळही नको.

दोन गोष्टी टायर खोलायच्या आधी सांगायच्या. एक, व्हॉल्व्हला आतून सेन्सर आहे, त्या बाजूला लोखंडी पट्टी घालू नका. दुसरी, काही महागड्या गाड्यांच्या टायरला आवाज कमी करायला आतून स्पंज चिकटवलेला असतो. भोकावरचा तेवढा तुकडा कापून, जागा साफ करून मगच मशरूम लागतं. स्पंजावर लावलं तर दुसऱ्या दिवशी हवा गेलेली असते.

टायर बदलायचा झाला तर आकडा वाच

गालावर मापाच्या शेवटी एक आकडा आणि एक अक्षर असतं, जसं २१५/६० आर १६ ९५ एच. त्यातला ९५ म्हणजे तो टायर ६९० किलो पेलतो. ९१ असेल तर ६१५. दिसायला दोन्ही टायर सारखेच, पण चार चाकांत तीनशे किलोचा फरक. बॅटरीचं वजन जवळजवळ तिथंच गेलं. दुकानदार “माप तेच आहे, स्वस्तात बसतो” म्हणाला तर कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा खालचा घेऊ नकोस. जोडीला चार आकडे असतात ते बनवल्याचा आठवडा आणि वर्ष; २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. “नवा” म्हणून जुना माल गळ्यात पडत नाही.

नट समोरासमोर, मग पुन्हा एकदा

चाक बसवताना नट ओळीनं आवळायचे नाहीत. एक वरचा, मग त्याच्या समोरचा, असे फिरत आवळायचे. गाडी खाली टेकली की शेवटचा जोर. मशिनच्या बंदुकीनं कडकड आवळले असतील तरी हातपान्यानं तपासून घे. पुस्तकात जोराचा आकडा दिलेला असतो, टॉर्क पाना असेल तर तो लावायला सांग. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपास.

आणि चाक बसवणं जमलंच नाही, तर दोरी बांधून ओढायला देऊ नकोस. मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर फिरली की मोटर वीज तयार करत राहते आणि आतला कारभार बिघडतो. गाडी अख्खी वर चढवणारा सपाट ट्रकच माग, फोनवर पहिल्यांदा “इलेक्ट्रिक आहे” असं सांग.

पंक्चरवाल्याला हे सगळं सांगताना शहाणपण शिकवल्यासारखं बोलू नकोस. “दादा, बॅटरी खाली आहे, जॅक इथं लावा” एवढं पुरे. त्याच्या हातात कसब आहे आणि या गाड्या त्यालाही शिकायच्या आहेत. एकदा तुझ्या गाडीवर नीट शिकला, की पुढच्या दहा जणांच्या बॅटऱ्या वाचतील. त्याचा नंबर घेऊन ठेव आणि मशरूमच्या पैशात घासाघीस करू नकोस.