गेन्इचिरोने लोळवलं ना, मग ऐक

अगं, तोंड पाडून बसू नकोस. ‘सेकिरो’तल्या किल्ल्याच्या माथ्यावरच्या त्या गेन्इचिरोने भल्याभल्यांना पाणी पाजलंय. आणि ग्रुपवर ‘तुझ्याच्याने नाही व्हायचं’ म्हणून खिदळणाऱ्या पोरांकडे लक्ष देऊ नकोस. त्यांच्यातल्या कितीजणांनी त्याला खरोखर हरवलंय, देव जाणे.

मला एवढंच सांग, मेल्यावर तुला कळतं का, की आपण का मेलो? कळत असेल तर चिकटून राहा. पुष्कळ गेम ‘हार्ड’च्या नावाखाली शत्रूची हेल्थ वाढवतात आणि आपले फटके बोथट करतात. बटणं तीच, डोकं तेवढंच, फक्त वेळ दुप्पट. त्याला मी अवघड म्हणत नाही, रटाळ म्हणते.

‘सेकिरो’चं तसं नाही. 2019 साली फ्रॉमसॉफ्टवेअरने तो आणला तेव्हा त्यात ‘ईझी’ची सोयच ठेवली नाही, पण शिकवायची सोय मात्र ठेवली. तू गार्डचं बटण घट्ट दाबून धरतेस, म्हणून तुझंच पोश्चर, म्हणजे तोल ढळायची पट्टी, भरत जातं. त्याची तलवार अंगाला लागायच्या ऐन क्षणी दाब. ठण्णकन ठिणगी उडाली, की पोश्चर त्याचं भरतं. हेल्थ पूर्ण असली की तो पटकन सावरतो, म्हणून आधी थोडे घाव घाल. मग मात्र लांब पळू नकोस. तू पळतेस, तो निवांत सावरतो आणि वर बाण सोडतो!

आता त्याची ती उडी आठव. उडी मारून वार केला की लाल चिन्ह चमकतं आणि तू घाबरून मागे सरकतेस. सरकू नकोस, क्षणभर बघ. तलवार सरळ भोसकायला आली तर मिकिरीचा डाव वापरून थेट त्याच्याच दिशेने डॉज कर, तुझा पाय तिचं पातं दाबून धरेल. खालून सपकन आली तर उडी मार. चिन्ह एकच, उत्तरं दोन, आणि निवड अर्ध्या क्षणात. मला विचारशील तर लढाईतली खोली म्हणतात ती हीच.

‘डेव्हिल मे क्राय 3’ची तऱ्हा निराळी. तिथे एकच कॉम्बो घोटत शेवट गाठता येतो, पण तोच तोच फटका मारलास तर स्टाइलचा दर्जा चढत नाही. गेम अडवत नाही, फक्त खिजवतो. 2005 साली अमेरिकेत मात्र जपानचं ‘हार्ड’ ‘नॉर्मल’ म्हणून खपवलं होतं. पुढच्या वर्षी स्पेशल एडिशनमध्ये ते सुधारलं. तेव्हा ‘नॉर्मल’ या पाटीवरून स्वतःची लायकी ठरवू नकोस.

आणि ईझी निवडायची लाज कसली? ‘निन्जा गायडन ब्लॅक’ त्यावरून टोमणे मारायचा, नायकाच्या हाताला रिबीन बांधायचा, खवटपणा नुसता! ‘बायोनेटा’त तर ईझीवर एका बटणावर कॉम्बो होतात, आपली आईसुद्धा खेळेल.

तर आज गेन्इचिरोकडे फिरकू नकोस. पडक्या देवळाबाहेर हानबेई उभा असतो ना, त्याच्याशी सराव कर. कितीही मारलंस तरी उठून उभा राहतो बिचारा. मिकिरी हातात बसली की मग वर जा. आणि तरीही मजा येत नसेल, तर खुशाल डिलीट कर. पण रात्री दोन वाजता, डोळे मिटत असताना ठरवू नकोस.