घोंगडीचे विणकाम आणि पुढची पिढी : व्यवसायभाषेचा एक अभ्यास

बोलीचा विचार करताना आपण प्रदेश आणि जात यांचे भेद पाहतो. व्यवसायाची भाषा मात्र बहुधा शब्दसूचीपुरती उरते. या पाठात ती एका जिवंत प्रश्नाच्या संदर्भात पाहू.

औंढा नागनाथ आणि नरसी ही दोन्ही गावे हिंगोली जिल्ह्यातील. नरसी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, तर औंढ्यास विसोबा खेचरांकडून त्यांना गुरूपदेश झाला, अशी श्रद्धा आहे. नामदेवांचे घराणे शिंप्यांचे. गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या पदांत गज व कात्री ही अवजारे भक्तीची रूपके होऊन येतात. ही रूपके पोचली, कारण श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर ती अवजारे रोज होती. अवजारच दिसेनासे झाले, तर शब्दाचे काय होते?

घोंगडीचे उदाहरण घेऊ. हे विणकाम परंपरेने मुख्यतः सनगर आणि खुटेकर धनगर यांच्याकडे राहिले. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ असते. ती कातरायची, पिंजायची, तिचे सूत काढायचे. सूतकताई बहुतेक स्त्रियांकडे असे. मग ताणा लावून त्याची ‘पांजणी’ करायची, म्हणजे चिंचोके शिजवून केलेली खळ कुंच्याने उभ्या धाग्यांवर चढवायची. ही खळ नसेल तर लोकरीचे केस फणीत घासून निघतात व धागा तुटतो. खळ पातळ झाली तर ती धाग्याला धरत नाही. घट्ट झाली तर धागे एकमेकांना चिकटतात. कोशात पांजणीचा अर्थ एका ओळीत मावतो. विणकराच्या घरातील मुलाला मात्र तो बोटांनी कळत असे. आधी कांड्या भरणे, मग तुटलेला धागा जोडणे, नंतर केव्हा तरी मागावर बसणे, या क्रमात शब्द आणि कृती एकत्रच हाती येत. ‘आता शिकवतो’ असे कोणी म्हणत नसे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. विणकामातून आलेले काही शब्द माग बंद पडल्यावरही टिकतात. एखादे प्रकरण रखडले की वृत्तपत्र आजही ‘भिजत घोंगडे’ लिहिते. भिजलेली घोंगडी किती जड होते आणि वाळायला किती वेळ घेते, हे वाचकाला ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. दोघांचे सूत जुळते, कवितेच्या अर्थाला पदर असतात. हे शब्द लाक्षणिक होऊन सर्वांच्या मालकीचे झाले. पांजणीला तसा आश्रय मिळाला नाही. ती कृतीबरोबर जगते, कृतीबरोबर जाते. त्यामुळे मराठीतील वाक्प्रचारांची समृद्धी पाहून परंपरा सुरक्षित आहे असे मानणे मला भाबडेपणाचे वाटते.

तरुण या कामाकडे वळत नाहीत, याचे खापर त्यांच्या अनास्थेवर फोडणे सोपे आहे. परंतु पानिपतची स्वस्त ब्लँकेटे बाजारात आली, राठ लोकरीला भाव उरला नाही आणि मेंढी मांसासाठी पाळली जाऊ लागली. शिवाय खड्डामाग घराच्या जमिनीत रुतलेला असतो. कुटुंब रोजगारासाठी शहरात गेले, किंवा घरात फरशी आली, की खड्डा बुजतो.

म्यानमारमधील करेन लोकांशी तुलना करून पाहा. त्यांच्या स्त्रियांचा माग म्हणजे काही काठ्या आणि कमरेला बांधायचा पट्टा. दुसरे टोक खांबाला. युद्धामुळे देशोधडीला लागलेली करेन कुटुंबे थायलंडच्या सीमेवरील छावण्यांत आणि पुढे अमेरिकेतील मिनेसोटापर्यंत गेली, तेथेही आईने मुलीला विणकाम शिकवता आले. माग गुंडाळून नेता येत होता. परंपरा टिकवण्यात निष्ठेइतकाच अवजाराच्या घडणीचाही वाटा असतो तो असा.

येवल्याची पैठणी हे आपल्याकडचे वेगळे उदाहरण आहे. तेथे मागणी राहिली, २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि पारंपरिक विणकर जातींबाहेरचे स्त्री-पुरुषही मागावर बसू लागले. ज्यांच्या घरात ही भाषा नव्हती, तेही ताणा, काठ, बुट्टी, कांडी हे शब्द काम करता करता शिकले. म्हणजे संक्रमणाला रक्ताचे नाते लागतेच असे नाही. मजुरी आणि माग लागतो. घोंगडीसाठी प्रशिक्षणवर्ग निघाले, तर शिकवणाऱ्याने पांजणीला पांजणीच म्हणावे. ‘धाग्यावर प्रक्रिया करणे’ अशा शब्दप्रयोगाने खळीचा अंदाज कोणालाच येणार नाही.

अभ्यासकृती : आपल्या परिसरातील विणकाम, शिवणकाम, दोर वळणे किंवा टोपल्या विणणे यांपैकी एक काम निवडा. काम चालू असताना जाणत्या व्यक्तीशेजारी बसून पंधरा शब्द नोंदवा. शब्द सुटा लिहू नका. ज्या वाक्यात तो आला ते वाक्य जसेच्या तसे उतरवा. काम बिघडले तर त्या बिघाडाला काय म्हणतात, हे अवश्य विचारा. नेमके शब्द बहुधा तेथेच सापडतात. नंतर त्याच घरातील सर्वांत तरुण व्यक्तीला हे पंधरा शब्द विचारा. प्रत्येकापुढे तीन खुणांपैकी एक करा : कृती येते, केवळ अर्थ येतो, शब्द प्रथमच ऐकला.