फॉरमॅट मारण्याआधी

अपडेटनंतर कोरल जड झालं की शेवगावात काय आणि नगरला काय, पहिला सल्ला एकच मिळतो: फॉरमॅट मारा. दुसरा सल्ला ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा. मला दोन्ही मिळाले होते. दोन्ही बाजूला ठेवून आधी नेमकं काय बदललंय ते शोधलं, आणि आमचं मशीन पहिल्यासारखं चाललं. नवा एकही भाग घ्यावा लागला नाही. फ्लेक्स, पत्रिका, डीटीपीची कामं करणाऱ्या माझ्यासारख्या छोट्या दुकानदारांना हे आज ना उद्या भेटणारच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे बोधेगाव, चापडगाव, घोटण, ढोरजळगाव, दहिगाव-ने अशा गावांतून माणसं येतात. लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक दोन दिवस थांबतं. नवरात्रात अमरापूरच्या रेणुकामातेच्या यात्रेचे फलकही एखादा दिवस मागेपुढे चालतात. दशक्रियेचं कार्ड मात्र थांबत नाही. घरातलं माणूस गेलेलं असतं, दहाव्याच्या आत कार्डं छापून पाहुण्यांत पोचायची असतात, आणि काउंटरवर उभा असलेला मुलगा धड झोपलेलाही नसतो. अशा वेळी पडद्यावर फिरणारं गोल चक्र बघत त्याला थांबवून ठेवणं मला फार जिव्हारी लागतं. मशीनची काळजी आधीच घ्यायची ती या माणसासाठी.

आता फॉरमॅटला माझा एवढा विरोध का, ते सांगतो. आमच्या धंद्याचा जीव जुन्या फायलींत आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "दादा, मागच्या साली केलं होतं ना, तेच काढा, फक्त तारीख बदला." ऑक्टोबर २०२४ मध्ये नगर जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, तेव्हा शाळा, पतसंस्था, सोसायट्या यांची लेटरहेडं आणि पावतीपुस्तकं याच जुन्या फायली उघडून दुरुस्त करावी लागली. त्यातल्या बहुतेक फायली युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपीसारख्या फॉन्टांत केलेल्या. नेमका तोच फॉन्ट मशीनवर नसेल तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फॉरमॅट मारला की ते फॉन्ट जातात, कीबोर्डची मांडणी जाते, फॉन्टच्या लॉकचा ड्रायव्हर जातो, छपाईला बसवलेली रंगांची सेटिंग जाते. सगळं पुन्हा बसवताना काही ना काही राहतंच, आणि ते राहिलंय हे गिऱ्हाईक समोर उभं असतानाच कळतं.

झालं असं. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती, म्हणून मुख्य मशीन विंडोज ११ वर नेलं. मशीन नियमात बसत होतं: आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, टीपीएम २.०, पुरेशी जागा. अपडेट व्यवस्थित झालं. पण कोरलमध्ये फोटो सरकवला की तो झटके देत माउसच्या मागून येऊ लागला. अक्षरांवर क्लिक केलं की पडदा पांढरा पडायचा आणि वर 'नॉट रिस्पाँडिंग' यायचं. सेव्ह दाबलं तर फोल्डर दाखवणारी खिडकीच लवकर उघडेना. त्याच दिवशी बोधेगावकडचा एक तरुण वडिलांचं कार्ड घेऊन आला होता. "भाऊ, संध्याकाळच्या गाडीआधी होईल ना?" एवढंच त्यानं विचारलं. ते काम आम्ही शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर उरकलं. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्यानं मशीन न बघताच सांगून टाकलं की ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवं टाका, सोबत फॉरमॅटही करू.

मला ते पटलं नाही. काल चालणारं कार्ड रात्रीतून जात नाही असं नाही, पण नेमकं अपडेटच्याच रात्री गेलं असेल, तर आधी अपडेटनं काय बदललं ते बघायला हवं.

पहिली गोष्ट धीराची. मोठ्या अपडेटनंतर विंडोज पाठीमागे बरीच कामं उरकत असतं. फायलींची सूची नव्यानं बनवतं, अँटिव्हायरस सगळं तपासतो. मशीनला साधी हार्ड डिस्क असेल तर या काळात ते अगदी जाम होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात आकडा शंभर टक्क्यांवर अडकून असेल तर मशीन रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. दिवस गेल्यावरही तेच असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर तिथे मात्र खर्च करा, एसएसडी टाका. आमच्या कामात पैसे वसूल करून देणारा दुसरा कुठलाही भाग मला माहीत नाही.

दुसरी परीक्षा तुलनेची. तीच जड वाटणारी हालचाल फोटोशॉपमध्ये करून बघा, एखादा व्हिडिओही लावून बघा. सगळंच रखडत असेल तर दुखणं विंडोजच्या पातळीवर आहे. एकच प्रोग्राम रखडत असेल तर त्या प्रोग्रामच्या सवयींत आहे. शिवाय जिचा उघडायचा वेळ आपल्याला पाठ आहे अशी एक जुनी फाइल कायम परीक्षेसाठी ठेवावी. नव्या अवजड फायलीवरून मशीनचा न्याय करू नये. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स ३०० डीपीआयला केला तर त्याचे पिक्सेल ७२,००० गुणिले ३६,००० होतात. सीएमवायकेच्या चार रंगांचा हिशेब धरला तर एका थरालाच दहा जीबीच्या वर जागा लागते. तोच फलक ७२ डीपीआयला साधारण सहाशे एमबीत बसतो, आणि चौकात लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल तर एका बाजूला ३०,००० पिक्सेलच्या पुढे जातच नाही. अशा फायलीवर कितीही महागडं मशीन धापा टाकेल, त्यात अपडेटचा दोष नसतो.

आमच्याकडे सगळंच रखडत होतं, म्हणून डिव्हाइस मॅनेजर उघडला. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक केली की तो यादीत दिसतो. त्यात डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्सखाली कार्डाचं नाव असायला हवं होतं, तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' असं लिहिलेलं. म्हणजे कार्ड जागेवर होतं, पण त्याचा ड्रायव्हर बसलेला नव्हता. विंडोज स्वतःजवळच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर पडदा चालवत होतं आणि चित्र काढायचा सगळा भार प्रोसेसरवर पडत होता. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, टाका, मशीन एकदा बंद करून चालू करा. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकटची सॉफ्टवेअरं मात्र कृपा करून टाकू नका, त्यांच्यासोबत नको ते मशीनमध्ये शिरतं. कार्डाचं नाव बरोबर दिसत असूनही त्रास होत असेल, तर त्याच नावाच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं, त्यानं आधीचा ड्रायव्हर परत येतो. लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघावं: सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन कोरल आणि फोटोशॉपला 'हाय परफॉर्मन्स' नेमून द्यावं. नाहीतर दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर काम कमी ताकदीच्या ग्राफिक्सवर चालू राहू शकतं.

ड्रायव्हर टाकल्यावर फोटोशॉप सुरळीत झालं. कोरलही सरकायला हलकं झालं, पण अक्षरांवर क्लिक केल्यावरची अडखळ तशीच राहिली. इथेच बहुतेक जण हरतात आणि फॉरमॅटला तयार होतात. कारण असं निघालं, जे ग्राफिक्समध्ये शोधून कधीच सापडलं नसतं: प्रिंटर. कोरल पानाचा आकार, समास वगैरेसाठी डिफॉल्ट प्रिंटरला विचारत राहतं. तो प्रिंटर नेटवर्कवरचा असेल आणि पलीकडचा कॉम्प्युटर बंद असेल, तर उत्तराची वाट बघत कोरल थांबून राहतं. आमच्याकडे अपडेटनंतर डिफॉल्ट म्हणून आतल्या खोलीतला, दिवसातून एखाद वेळीच चालू होणारा प्रिंटर लागला होता. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद केलं आणि 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डिफॉल्ट केला. तो मशीनमध्येच असतो, कुणाची वाट बघावी लागत नाही. अडखळ तिथल्या तिथे गेली. छापताना हवा तो प्रिंटर निवडायचा, एवढंच.

राहिली सेव्हची खिडकी. फ्लेक्स मशीनला जोडलेला जुना कॉम्प्युटर आम्ही नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवला होता, बिनपासवर्डचा. अनेक दुकानांत असा विंडोज एक्सपी किंवा ७ चा कॉम्प्युटर अजून राबतो आहे, कारण छपाईचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. नव्या विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं शेअरिंग मुळातच बंद असतं, आणि विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डच्या जोडणीलाही मज्जाव आहे. मग दर वेळी सेव्ह दाबलं की विंडोज न सापडणारा तो ड्राइव्ह शोधत बसतं. ड्राइव्ह काढून टाकला की खिडकी लगेच उघडते. इथे एक कळकळीची विनंती: कुणी सांगितलं म्हणून जुनं शेअरिंग, म्हणजे एसएमबी १, पुन्हा चालू करू नका. मे २०१७ मध्ये जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद करणारा वॉनाक्राय याच वाटेनं पसरला होता. आम्ही फायली पेनड्राइव्हनं नेतो. दोन पावलं जास्त पडतात, पडू द्या.

आमचं काम इथे भागलं. तुमचं नाही भागलं तर फॉन्टांकडे बघा. हजारो फॉन्ट एकदम बसवलेले असतील तर प्रोग्राम उघडताना आणि फॉन्टची यादी खाली ओढताना जीव जातो. रोजचे तेवढे बसवा, बाकीचे फोल्डरमध्ये ठेवा. तेही झालं की शेवटी प्रोग्रामची सेटिंग मूळपदावर आणायची. कोरल उघडताना एफ ८ दाबून धरायचं, फोटोशॉप उघडताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट. आपण मांडून ठेवलेली हत्यारं यात विस्कटतात, म्हणून कोरलचा वर्कस्पेस आधी एक्सपोर्ट करून घ्या.

आणि काहीच जमलं नाही तर मागे फिरायची वाट आहे, पण ती थोडेच दिवस उघडी असते. नव्या विंडोजवर गेल्यापासून दहा दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरीमध्ये 'गो बॅक' मिळतं आणि जुनं विंडोज फायलींसकट परत येतं. जागा मोकळी करायच्या नादात सी ड्राइव्हवरचं 'विंडोज डॉट ओल्ड' उडवलं तर ही वाट त्याच क्षणी बंद होते.

एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडच्या पुष्कळ दुकानांत कोरल आणि फोटोशॉप क्रॅक करून वापरतात. अपडेटनंतर सुरक्षा व्यवस्था त्या बदललेल्या फायली उचलून बाजूला टाकते, मग लोक अँटिव्हायरसच बंद करतात. क्रॅकसोबत आलेलं एखादं सॉफ्टवेअर पाठीमागे दुसऱ्याचंच काम करत बसलं असेल, तरीही मशीन असंच जड होतं, आणि तिथे वर सांगितलेला एकही उपाय लागू पडत नाही. ज्याला परवाना घेणं झेपत नाही त्यानं इंकस्केप आणि गिम्प शिकून घ्यावं. दोन्ही मोफत आहेत, कायदेशीर आहेत, आणि युनिकोड मराठी त्यांत नीट उमटतं. जुन्या फॉन्टांतल्या फायलींचा प्रश्न त्यानं सुटणार नाही, पण नवीन काम तरी स्वच्छ पायावर उभं राहील.

अपडेट करायचं त्याच्या आदल्या दिवशी फॉन्टांचं फोल्डर, इन्स्टॉलर, परवान्यांचे क्रमांक, लॉकचा ड्रायव्हर आणि गिऱ्हाइकांच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. मशीन यूपीएसवर असू द्या. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्ध्यात बंद पडलेलं अपडेट सावरणं फार कठीण. कामाच्या घाईत अपडेट येऊन बसलं असेल तर सेटिंग्जमधून ते काही आठवडे पुढे ढकलता येतं. कायमचं बंद मात्र करू नका.

ज्यांच्या दुकानात अजून विंडोज १० चालू आहे त्यांना मायक्रोसॉफ्टच्या वाढीव योजनेत नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटं मिळतात. पुढचा बदल दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या गर्दीवर ढकलू नका. पावसाळ्यात, लग्नं नसताना, हाताशी दुसरं मशीन ठेवून तो उरकून घ्या.