परीक्षा आणि पत्ता

कुटुंबाने कोठे राहावे हे मुलाच्या शाळेवरून ठरते काय, हा समाजशास्त्र व अर्थशास्त्र या दोहोंच्या अभ्यासाचा विषय आहे. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने १९९९ साली अमेरिकेतील बॉस्टनच्या उपनगरांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथील शाळेचे परीक्षेतील गुण ५ टक्क्यांनी अधिक, तेथील घरासाठी पालक सुमारे २.५ टक्के जादा किंमत देतात, असे त्यात दिसून आले. आपल्या नाशिक जिल्ह्यात हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा हे त्याचे बोलके उदाहरण होय.

ही योजना १९८५-८६ मध्ये झज्जर व अमरावती येथील दोन विद्यालयांनी सुरू झाली. नाशिक जिल्ह्याचे विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगावी आहे. सहावीत जास्तीत जास्त ८० मुलांना प्रवेश मिळतो. त्यांपैकी किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा ग्रामीण विद्यार्थ्यांच्या. मात्र त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेतच काढावी लागतात. या काळात एक दिवस जरी शहरातील शाळेत गेला, तरी तो विद्यार्थी शहरी ठरतो.

नियमामागील हेतू स्तुत्य आहे. तो नसता तर शिकवणीवर्गांत तयार झालेल्या शहरी मुलांनी बहुतेक जागा पटकावल्या असत्या. परंतु सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून बांधकामाच्या मजुरीसाठी नाशकात आलेल्या कुटुंबाचा विचार करू. मुलाला महापालिकेच्या शाळेत घातले की तो शहरी झाला. उरलेल्या २० जागांसाठी त्याची गाठ कॉलेज रोडवरील सुस्थितीतल्या मुलाशी! मुलाला गावी आजीजवळ ठेवावे, तर आईबापांची ताटातूट. सोबत आणून शाळेतच घातले नाही, तर शिक्षणच बुडाले. घर कोठे करावे, हा प्रश्न येथे पोट आणि परीक्षा यांच्या कात्रीत सापडतो.

माझ्या मते दोष ग्रामीण आरक्षणाचा नाही. शाळेच्या ठिकाणावरून गरिबी मोजण्याचा आहे. शहरी शाळेत गेल्याने मजुराचे मूल सुखवस्तू होत नाही. स्थलांतरित मजुरांच्या मुलांचा ग्रामीण हक्क कायम राखला, तर मूळ हेतूला बाध न येता तो अधिकच सिद्धीस जाईल. जो गाव सोडून जातो तो बहुधा हौसेने जात नाही, एवढे तरी परीक्षेच्या नियमाने ओळखावे.