मैल भरले, तरी पैसे कशाचे?

प्रश्न : लंडनच्या मुलाने साठवलेल्या मैलांवर आमची मुंबई-लंडन जाण्या-येण्याची बिझनेस क्लासची तिकिटे काढायला घेतली, तर वर भलीमोठी रक्कम मागतात. ही फसवणूक आहे का?
– एक वाचक, उमापूर (ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : फसवणूक नाही, निश्चिंत राहा. मैलांनी मूळ भाडे फिटते. कर आणि अधिभार वेगळे असतात. मुलाला तिकिटाचा तपशील उघडायला सांगा. ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’पुढचा आकडा सरकारचा नसतो, तो विमान कंपनीने लावलेला अधिभार. ‘कर टाळता येत नाहीत’ असे कोणी म्हणेल, पण ते अर्धेच खरे. लंडनहून परतताना ब्रिटनचा प्रवासी कर चुकत नाही, बिझनेस क्लासला तर तो चढाच असतो. अधिभार मात्र मैलांच्या कार्यक्रमागणिक बदलतो. युनायटेड एअरलाइन्सच्या मैलांवर तो लागत नाही. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन कार्यक्रमाने तो २०२० मध्ये बंद केला. एअर इंडिया २०१४ पासून या दोघांच्याच स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे तिची जागाही या मैलांवर मिळू शकते. अशा जागा मोजक्याच असतात, हे खरे. म्हणून तारखा मागेपुढे करायची तयारी ठेवा. मुलाकडे क्रेडिट कार्डाचे पॉइंट असतील, तर ते एकदा मैलांत वळवले की सहसा परत फिरत नाहीत. आधी जागा पाहा, एकूण रक्कम रोखीच्या भाड्याशी ताडून बघा, मगच पॉइंट वळवा. आणि ‘अधिभार माफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पासवर्ड किंवा ओटीपी देऊ नका.