हळदीने कॅन्सर बरा होतो का? मुलांना काय सांगाल?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, "हळदीने स्तनाचा कॅन्सर बरा होतो" असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. मुलं विचारतात, हे खरं का?

हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य म्हणजे कुरकुमिन. प्रयोगशाळेतल्या बशीत ते कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतं. पण हळदपुडीत ते साधारण ३ टक्केच असतं आणि खाल्ल्यावर रक्तात फारच थोडं उतरतं. बशीतल्या पेशी वेगळ्या, माणसाचं शरीर वेगळं.

मग वनस्पतीतून औषध मिळतच नाही का? मिळतं की! आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मनरो वॉल यांनी अमेरिकेत पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळं केलं. त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. स्तनाच्या कर्करोगासाठी तिथे मान्यता मिळाली १९९४ मध्ये! मधली २३ वर्षं संशोधनात आणि चाचण्यांत गेली.

भाजी-आमटीत हळद जरूर घाला. पण हाताला गाठ लागली, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. उपचार चालू असताना कुरकुमिनच्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय नकोत.

आणि मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवा : "हे बशीत तपासलंय, की माणसांवर?"