आढाव्याआधी प्रश्न

धावडा, ता. भोकरदन

चि. वैष्णवीस,

आशाताईंच्या घरभेटींवर संशोधन करणार आणि त्यासाठी आपल्या धावड्याच्या आसपासची गावं घेणार, हे वाचून फार बरं वाटलं. ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच करते, त्याला वजन असतं’ हे मात्र पटलं नाही. तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. ते आधी वेगळे कर.

घरभेटींनी नवजात बाळांचे मृत्यू घटतात का, हा पहिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांत हे काम केलं, तुलनेला ४७ गावं ठेवली आणि १९९९ साली निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापले. गावातलीच शिकवून तयार केलेली बाई बाळाचं वजन करायची, मिनिटभर त्याचे श्वास मोजायची. पुढे इतरत्रही अशा चाचण्या झाल्या आणि गोगिया-सचदेव यांनी २०१० साली त्यांचा पद्धतशीर आढावा, म्हणजे तू म्हणतेस तो सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, घेतला. प्रश्न एकच, दोन्ही गटांतले मृत्यू मोजलेले, म्हणून आकडे एकत्र करता आले. तेच पुन्हा करायचं तर त्यानंतर नवं काय आलं, ते आधी बघ.

तुझा खरा प्रश्न दुसरा आहे. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशीची भेट मग कोणत्या गावच्या आशाताईने द्यायची? सासू, आजी आशाताईला बाळाला हात लावू देतात का? यावरचं लिखाण विखुरलेलं आहे: कुठे मुलाखती, कुठे सरकारी अहवाल, कुठे प्रबंध. त्यांची सरासरी काढता येत नाही. इथे स्कोपिंग रिव्ह्यूच हवा. काय अभ्यासलं गेलं आणि काय राहिलं, ते त्यातून दिसतं. आर्क्सी आणि ओ'मॅली यांनी २००५ साली त्याच्या पायऱ्या मांडल्यात, त्या नीट वाच. हा प्रकार सोपा म्हणून घेऊ नकोस. काय घ्यायचं, काय वगळायचं, हे शोध सुरू करण्याआधीच लिहून ठेव आणि निवड तपासायला एखादी मैत्रीण सोबत घे.

इंग्रजी डेटाबेसवर थांबू नकोस गं. ‘कोवळी पानगळ’सारखा बालमृत्यूंवरचा मराठी अहवाल तिथे सापडायचा नाही. प्रबंधांसाठी शोधगंगा या संकेतस्थळावर मराठीतही शोध.

गाईड मॅडमकडे जाण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिही आणि मला पाठव.

तुझा,
मामा